पहिला काप

भावाच्या घरून परतलेल्या थोरलीने पायातले बूट काढले, पिशवी भिंतीला टेकवली आणि सवयीने कारखान्याच्या दाराआडच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळ्यावर काहीच नव्हतं.

तिथे तिच्या नवऱ्याचा कोट असे. नवरा वसंतात गेला. कोट पुढे उन्हाळाभर तिथेच टांगलेला राहिला, आणि त्याच्या बाहीला खांदा लागल्याशिवाय तिला त्या दारातून ये-जा करता येत नसे. आता भिंतीवर कोटाएवढा एक उजळ पट्टा तेवढा उरला होता, कारण बाकीची भिंत धुळीने आणि लोकरीच्या तुसाने केव्हाच काळवंडली होती.

"कोट कुठंय?" तिने विचारलं.

धाकटा, म्हणजे तिचा दीर, लांब टेबलावर वाकून काम करत होता. तो आणखी वाकला. धाकटी, म्हणजे त्याची बायको, शिलाईच्या मशीनवर होती. तिने मशीन असं पळवलं, की अख्ख्या गावाचे कोट संध्याकाळपर्यंत तिलाच शिवून द्यायचे होते की काय, असं वाटावं. माणसं तोंड लपवायला लागली की त्यांच्या तोंडाकडे बघण्यात थोरली वेळ घालवत नसे. तिने खाली, पायांकडे पाहिलं.

दोघांच्या पायांत नव्या सपाता होत्या. बाहेरून मधाच्या रंगाचं कातडं, घोट्याशी लोकरीची किनार. धाकट्याच्या उजव्या सपातेवर, अंगठ्याच्या जरा वर, नखाएवढा काळा डाग होता. तो डाग तिने नुसत्या बोटांनी चाचपूनही ओळखला असता. एकदा शेगडीतली ठिणगी उडून कोटाच्या खिशापाशी बसली होती, आणि नवऱ्याने थुंकी लावून ती विझवता विझवता "मेंढी भाजली, वाढा आता" असं म्हटलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. थोरलीची गेली, आणि पुढचे काही दिवस ती तिथून खाली उतरायचं नाव घेईना.

तिला एवढा संताप का आला हे कळायला त्या घरचा रिवाज सांगायला हवा. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढीच्या कातड्यात गुंतलेलं. कातडं लोकरीसकट कमावायचं आणि लोकर आत, कातडं बाहेर ठेवून त्याचे कोट, टोप्या, हातमोजे आणि सपाता करायच्या, हाच धंदा. सासरे हयात होते तेव्हा गिऱ्हाइकाला बाकावर बसवून ऐकवत, की माणसाला कातता येत नव्हतं, विणता येत नव्हतं तेव्हापासून तो मेंढीचं कातडं पांघरतोय. मेंढपाळांनी पांघरलं, राजांनी पांघरलं, आणि माणूस विमानात बसून ढगांच्या वर गेला तेव्हा तिथल्या गारठ्यातही त्याला शेवटी मेंढीच आठवली. थोरलीच्या नवऱ्याचं म्हणणं जरा वेगळं होतं. "मेंढी शहाणी खरी," तो म्हणे, "पण जन्मभर कोट उलटा घालून हिंडते."

तर रिवाज असा. घरात नवी सून आली की पहिल्या हिवाळ्यात तिने नवऱ्याचा कोट आपल्या हाताने शिवायचा. तो कोट जन्मभर पुरतो, कारण चांगलं कातडं माणसापेक्षा चिवट असतं. आणि तो माणूस गेला की त्याचा कोट पेटीत कुजवायचा नाही, कुणाला देऊन टाकायचा नाही. थंडीच्या तोंडावर तो कापायचा आणि त्याच्या सपाता करून घरातल्यांनी घालायच्या. गेलेल्या माणसाने निदान आपल्या माणसांच्या पायांना गार फरशी लागू देऊ नये, एवढीच त्यामागची समजूत. फक्त पहिला काप त्याच्या जोडीदाराने द्यायचा. तो दिला की मग कातडं कापायची रापी कुणीही चालवावी. पण त्याआधी कोटाला कुणी हात लावायचा नाही.

थोरलीने तो काप दिला नव्हता. कुणी विषय काढला की "पडू दे थंडी," म्हणायची. थंडी पडली तेव्हा "गिऱ्हाइकांचं उरकू दे," म्हणायला लागली. मग भावजयीचं ऑपरेशन निघालं आणि ती भावाकडे गेली. तिच्या पाठीमागे हे झालं.

"मी कापला, वहिनी," धाकटा अखेर म्हणाला. अजूनही तो टेबलाशीच बोलत होता.

"तुम्ही?"

"थंडी आली ना. पोरीच्या पायाला भेगा पडायला लागल्या होत्या."

"आणि मी मेले होते का, भावजी? दोन गावं पलीकडं होते. निरोप धाडता येत नव्हता? की रापी हातात आली की जीभ गळून पडते तुमच्या घराण्यात?"

धाकटा तसा गरीब माणूस. वाद घालण्यापेक्षा मार खाऊन मोकळं होणं त्याला सोपं वाटे. धाकटीने मशीन थांबवलं.

"ताई, तुमची पण जोडी केलीय. तुमच्या खाटेवर ठेवलीय बघा."

"ती तिथंच राहू दे," थोरली म्हणाली. "मी हात लावणार नाही. ज्याचा कोट त्याच्या बायकोला न विचारता कापलात, आता त्याच्या सपाताही तुम्हीच घालून मिरवा."

एवढं बोलून ती आत सासूबाईंकडे गेली. सासूबाई मागच्या खोलीत शेगडीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे अधू झाल्यापासून आणि बोटं थरथरायला लागल्यापासून त्यांचं कारखान्यातलं बसणं बंद झालं होतं. त्यांच्या कमरेपासून खाली, पाय पार झाकून जातील असं घोंगडं पांघरलेलं होतं.

"आई, तुमच्या डोळ्यांदेखत झालं ना हे?"

"आलीस का? भावजय कशी आहे?"

"बरी आहे. मी कोटाचं विचारतेय."

"झालं ते झालं," सासूबाई म्हणाल्या. "सपाता घाल. फरशी गार आहे."

थोरलीला वाटलं, आपण मोठ्याने ओरडावं. सुनेच्या बाजूने एक शब्द बोलायला या बाईचं काय जात होतं? ज्या घरात चहात साखर किती यावरही सासूबाईंचं मत घेतलं जाई, त्या घरात असा भलता प्रकार झाला आणि या म्हणतात फरशी गार आहे. ती ओरडली नाही. न्हाणीघरातल्या रबरी चपला तिने पायांत अडकवल्या आणि त्या दिवसापासून घरभर, कारखानाभर त्याच घालून ती फिरू लागली.

त्या चपलांनी घराला सळो की पळो करून सोडलं. सपातांचा आवाज होत नाही. माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी कळत नाही. रबरी चपला मात्र दगडी फरशीवर चटक चटक बोलत, आणि थोरली मुद्दामच पाय आपटत चाले. ती कुठे आहे, कुठे निघाली, किती रागात आहे, हे प्रत्येक खोलीत ऐकू येई. चटक चटक जवळ आलं की धाकटा हातातलं काम बदली. टाचा गारठून दगड झाल्या, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, पण ती हटेना. खाटेवरची जोडी तिने उशीच्या कव्हराने झाकून कोपऱ्यात सरकवली होती. तिच्याकडे पाहायचंसुद्धा नाही, असं तिने ठरवलं होतं.

आणि गंमत अशी, की सपातांची थोरवी जगाला सांगायचं काम तिच्याकडेच होतं. एके सकाळी एक बाई तणतणत कारखान्याच्याच पुढच्या भागातल्या दुकानात आल्या. तिथूनच घेतलेले घोट्यापर्यंतचे बूट त्यांनी गल्ल्यावर आपटले. बूट आखडून बाहुलीचे झाले होते आणि वाकवले तर करकर वाजत होते.

"हा तुमचा जन्मभर टिकणारा माल!"

"मशीनमध्ये धुतले?" थोरलीने विचारलं.

"मग काय जिभेनं चाटून साफ करू?"

"आणि हीटरसमोर वाळवले."

बाईंनी बूट आपल्याकडे ओढून घेतले.

"बाई, हे कातडं आहे, टॉवेल नाही. मेंढी पावसात भिजली तर तिला कुणी पिळून हीटरसमोर धरतं का? ती उभी राहते आणि वाऱ्यावर वाळते. आणि आत मोजे घालत होतात ना?"

"थंडीत मोजे नको घालायला?"

"यात नको. पाय उघडा हवा. या कातड्याची ऊब शेगडीसारखी अंगावर धावून येत नाही. पाय आत घातला की आधी काहीच वाटत नाही. मग तुमचीच ऊब तुम्हाला हळूहळू परत मिळते. घाम आला तर लोकर पिऊन टाकते. महिन्याभरात ती दबते, आत तुमच्या पायाचा ठसा उमटतो, आणि मग तो बूट दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही. तुम्ही मध्ये मोजा घातलात म्हणजे दोघांची ओळखच होऊ दिली नाहीत."

हे ती नेहमीच सांगत असे. आज 'दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही' म्हणताना तिचा आवाज फाटला, आणि बाईंना वाटलं आपल्यावरच ओरडतेय. त्या नरमल्या. निदान आतले तळ नवे घालून दे, म्हणाल्या. बूट ताणून कलबुतावर, म्हणजे पायाच्या लाकडी साच्यावर, चढवायचे ठरले, आणि धाकट्याने कातड्याचा एक तुकडा टेबलावर उलटा टाकून तळ कापायला घेतले.

लोकरीचं कातडं कात्रीने कापत नाहीत. कात्री लोकरही कापते आणि शिवणीशी टक्कल पडतं. कातडं पालथं घालून रापीच्या टोकाने नुसती चामडी चिरायची, लोकरीला धक्का लावायचा नाही, आणि मग दोन्ही तुकडे हलकेच ओढून वेगळे करायचे. ज्याचा जसा हात तशी रापी कलते. तो कल चामडीच्या कडेवर राहतो, आणि त्या घरच्या सपातांची कड उघडीच शिवलेली असल्यामुळे नंतरही दिसत राहतो. ही काही मोठी विद्या नव्हे. घरात एकत्र काम करणारी माणसं एकमेकांचा हात ओळखतात, जसं अंधारात कोण खोकलं ते ओळखावं.

तेवढ्यात धाकट्याची मुलगी आतून एका पायावर उड्या मारत आली. एक सपात पायात, एक हातात.

"मोठी आई, शिवून दे. दोरा सुटला."

"तुझ्या आईकडं जा."

"आई म्हणाली, मोठी आई चांगलं शिवते."

पोरीवर राग काढायला थोरली काही राक्षसीण नव्हती. तिने हात पुढे केला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या हातात त्या कोटाचं कातडं आलं. ते ऊबदार होतं. पोरीच्या पायाची ऊब, हे तिला कळत होतं, तरी तिने बोटं आत घालून बघितली. सुई शोधायच्या निमित्ताने ती खिडकीकडे वळली. दोरा सुटलेल्या जागी कड उघडी पडली होती. तिथे तिने पाहिलं आणि ती पाहतच राहिली.

कड बाहेरच्या बाजूला कललेली होती. डावखुऱ्या हाताचा काप.

थोरलीचा नवरा डावखुरा होता. इतकी वर्षं त्याने कापलेले तुकडे तिच्याच हाती शिवायला येत, आणि ही अशी बाहेर झुकलेली कड तिच्या बोटांना त्याच्या चेहऱ्याइतकी पाठ होती. क्षणभर तिला खरोखर वाटलं, की हा त्याने कापला. आपलाच कोट उतरवून ठेवला आणि स्वतःच कापला. तिने खिडकीची चौकट धरली.

मग ती मागे वळली. टेबलाशी धाकटा बाईंचा तळ कापत होता. रापी उजव्या हातात, कड आत कलत चाललेली, एका ओढीत सगळी गोलाई साफ. तिने पुन्हा पोरीच्या सपातेकडे पाहिलं. इथे रापी दोनदा अडली होती, पुन्हा लावली होती, एका जागी चामडीतून आरपार जाऊन लोकरीचा झुबका कापला गेला होता. हे उमेदीतल्या कारागिराचं काम नव्हतं. ज्याला दिसत नाही आणि ज्याचा हात थरथरतो, अशा माणसाचं काम होतं. घरात आणखी एकच माणूस डावखुरं होतं. मुलाने तो हात तिच्याकडूनच घेतला होता.

"भावजी," ती म्हणाली.

धाकट्याने तिच्या हातातली सपात पाहिली आणि रापी खाली ठेवली. "आई म्हणाली, तू कापलास म्हणून सांग," तो पुटपुटला. "मी काय करू, वहिनी?"

चटक चटक करत थोरली आत गेली. शेगडीजवळची खुर्ची होती तिथेच होती, आणि घोंगडंही.

"आई, कोट तुम्ही कापलात."

सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "ओळखलास होय काप? बरा नाही आला. दिसत नाही गं."

"का कापलात? पहिला काप माझा होता. या घरात तुम्हीच मला तो रिवाज शिकवलात."

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या कोटाला मी काप दिला. सगळे बाजूला उभे होते, मोठे गंभीर चेहरे करून. रापी आत गेली आणि कातडं फाटल्याचा तो आवाज झाला. बाकीच्यांना तो रोजचाच. मला वाटलं, मी त्यांच्या पाठीवरच सुरी चालवली. पुढं कित्येक महिने घरातली साधी भाजी चिरायला घेतली तरी हात थांबायचा. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, तुझ्यावर ही वेळ नको."

थोरलीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"ती वेळ माझी होती," ती म्हणाली. "वाईट होती तरी माझी होती. तुम्ही तुमच्या नवऱ्याला काप दिलात आणि महिनोन्‌महिने झुरलात. मग मला का नाही झुरू दिलंत? मी काय लहान पोर आहे, माझ्यापासून सुरी लपवून ठेवायला? मी घरी आले तर खिळा रिकामा, आणि सगळ्यांच्या पायांत माझा नवरा. मला वाटलं, या घरातून त्याच्याबरोबर मलाही काढून टाकलं."

"तसं नाही गं."

"मग मी घरात असतानाच का नाही कापलात?"

"तू असतीस तर माझ्या हातून रापी हिसकावून घेतली असतीस."

ते खरंच होतं.

"आणि भावजींना का पुढं केलंत? बिचारे इतके दिवस माझ्या शिव्या खातायत."

"त्याच्यावर रागवायची तुला सवय आहे," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यावर रागवायची नाही. म्हटलं, राग यायचाच आहे तर रोजच्या वाटेनं जाऊ दे."

थोरलीला हसू फुटणार होतं. ते तिने दाबलं, कारण राग एवढ्या स्वस्तात सोडून द्यायचा नव्हता. ती वळायला निघाली, तेव्हा तिच्या चपलेत अडकून घोंगड्याचं टोक ओढलं गेलं आणि सासूबाईंचे पाय उघडे पडले.

त्यांच्या पायांत नवी जोडी नव्हती. सासऱ्यांच्या कोटाच्या जुन्या सपाता होत्या, इतक्या जुन्या की आतल्या लोकरीचा मागमूस राहिला नव्हता, कातडं कागदासारखं झालं होतं आणि उजव्या पायाचा अंगठा बाहेर डोकावत होता. तो गारठून निळा पडला होता.

"तुमची जोडी कुठंय?"

"मला नाही."

"नाही म्हणजे? कातडं कमी पडलं?"

"रिवाजात नाही," सासूबाई घोंगडं वर ओढत म्हणाल्या. "नवऱ्याच्या कोटाच्या बायकोनं घालाव्या. बापाच्या मुलांनी, आजोबांच्या नातवंडांनी. मोठ्याच्या धाकट्यानं. खाली खाली येतं ते. आईनं मुलाच्या घालाव्या असं कुणी सांगितलेलं नाही. तसं कधी झालंच नसेल. कुणाला सुचलंच नसेल."

थोरलीचा राग, जो इतके दिवस दिरावर, जावेवर, सासूवर आणि फरशीवर निघत होता, त्याला शेवटी खरं गिऱ्हाईक सापडलं.

"हा रिवाज केला कुणी?"

"असतील कुणी. पणजेसासऱ्यांच्याही आधीचे."

"मग तो मेला ठार आंधळा होता. बायको दिसली, भाऊ दिसला, शेंबडी नातवंडं दिसली, आणि जिनं जन्म दिला ती नाही दिसली? सगळ्यांच्या आया आधी मरतात असा करार करून आला होता का तो? तुमचा लेक ज्यांचा दीर, काका, त्यांचे पाय उबेत, आणि तुम्ही अधू डोळ्यांनी एकेकाचं माप कापायचं आणि स्वतः उघड्या अंगठ्यानं बसायचं? आणि वर घोंगडं पांघरून लपवायचं? मी गेले खड्ड्यात, पण तुम्ही इतका अन्याय मुकाट गिळलात कसा?"

"रागवू नकोस."

"मी रागावणार," थोरली म्हणाली. "तुम्हाला येत नाही म्हणून तुमच्या वाटचंही मीच रागावणार."

सासूबाई खुर्चीच्या पाठीशी हात घालून काहीतरी चाचपू लागल्या. जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं त्यांनी काढलं आणि सुनेपुढे धरलं.

"हे तुझं. डावी बाही. खांद्यापासून अख्खी ठेवलीय. तिला रापी लावली नाही मी."

थोरलीने चादर उलगडली. बाहीच्या कोपराला तेच घासलेलं चकाकतं कातडं, आणि काखेत तीच वाकडी शिवण. नवी सून असताना, पहिल्या हिवाळ्यात, तिने आयुष्यातला पहिला कोट शिवला तेव्हा ती शिवण चुकली होती. दोन्ही तुकडे नीट बसेनात, म्हणून तिने दामटून टाके घातले, आणि बाही आत ओढली गेली. सासऱ्यांनी उसवायला सांगितलं. नवऱ्याने कोट चढवला, हात वर-खाली केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "काखेत घट्ट आहे जरा. होईल सैल." मग त्याने उसवू दिलंच नाही. ती शिवण सासूबाईंच्या लक्षात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आणि ज्यांना समोरचा माणूस नीट दिसत नाही, त्यांनी ती बोटांनी शोधून बाजूला ठेवली होती.

बाहीत तोंड खुपसून ती रडली. लोकरीला अजून त्याचा वास होता. धाकटी दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या मागे धाकटा, आणि दोघांच्या मधून पोरगी एका पायावर.

मग थोरलीने नाक पुसलं आणि खुर्चीसमोर खाली बसली.

"पाय पुढं करा."

"कशाला?"

"माप घ्यायला. एका बाहीत एक जोडी बसते."

"अगं, ती तुला ठेवलीय. तेवढीच राहिलीय त्याची."

"मला ठेवलीय ना? मग मी तिचं काय करायचं ते मी ठरवीन. पाय पुढं करा, आई. मला आणखी रागवायला लावू नका."

सासूबाईंनी जुन्या सपातेतून पाय काढला. थोरलीने पुठ्ठ्यावर तो टेकवून पेन्सिल फिरवली. पाऊल तिच्या हाताला बर्फासारखं लागलं, आणि त्यावर ती पुन्हा तडकली, की शेगडी शेजारी असून उपयोग काय. त्या खालमानेने ऐकत राहिल्या. दोन्ही पायांची मापं घेऊन ती कारखान्यात आली. तिने टेबल पुसलं, बाही पालथी घातली आणि धाकट्याच्या हातून रापी घेतली.

हात थांबला. बाईंचे बूट कलबुतावर चढलेले होते, बाई कधीच निघून गेल्या होत्या, मशीन बंद होतं. दारात सासूबाई धाकटीचा हात धरून उभ्या होत्या. आवाज ऐकायला आल्या असाव्यात, की तो सुनेने एकटीने ऐकू नये म्हणून आल्या असाव्यात.

थोरलीने रापी टेकवली आणि ओढली. आवाज झाला. सासूबाईंनी सांगितला तसाच होता. तिने ओठ दाबून ती गोलाई पुरी केली. मग दुसरी केली, आणि सगळं कापून होईपर्यंत मान वर केली नाही. काखेतली वाकडी शिवण तिने उसवली नाही. तुकडा असा मांडला की ती डाव्या सपातेच्या टाचेशी आली.

दुसऱ्या दिवशी सपाता तयार झाल्या. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, घोंगडं बाजूला टाकलेलं.

"आधी तू घाल तुझ्या," त्या म्हणाल्या. "मग मी घालते."

"तुम्ही घाला, मग मी."

"तुझा चटक चटक आवाज ऐकून डोकं उठलंय माझं."

थोरली खोलीत गेली आणि उशीच्या कव्हराखालची जोडी घेऊन आली. रबरी चपला तिने पायानेच कोपऱ्यात ढकलल्या. नव्या सपातेत पाऊल घातलं. आधी काहीच वाटलं नाही. मग ती खाली बसली आणि सासूबाईंच्या पायांत एक-एक सपात तिने स्वतः चढवली.

सासूबाईंनी बोटं आत हलवली. डोळे मिटून घेतले. थोरली वाट पाहत राहिली.

"डावी जरा घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

"होईल सैल," थोरली म्हणाली.